पोपटाची शाबासकी

मित्रांनो, दुसरीच्या वर्गात खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर, खडूची खोकी आणि फाटक्या नकाशाची गुंडाळी यांच्यामध्ये मी आडवा पडलेला असतो. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. पाठीवर शाईने लिहिलेला चारचा आकडा अर्धा पुसला गेला आहे. मी एक जुना टॅब आहे. कधीकाळी याच वर्गात माझे एवढे कौतुक झाले, की ऐकून तुम्हाला हेवा वाटला असता. आज मात्र कुणी कपाट उघडले, की मी मनात म्हणतो, मला बाहेर काढू नका. तोंड लपवायला जागा मिळणे हेही नशीबच असते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या दिव्यांमुळे दिवस कुठला आणि रात्र कुठली ते कळतच नसे. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसून काम करत. एकीने माझ्या पोटात बॅटरी बसवली, दुसरीने स्क्रू आवळले. शेवटच्या बाईने माझी काच फडक्याने पुसली, तिच्यात पाहून टोपीबाहेर आलेली बट आत खोचली आणि मला पुढे सरकवले. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते, पण माझ्याकडे पाहून ती किंचित हसली. मी पाहिलेला तो पहिला चेहरा.

त्यानंतर माझ्यात एक पोपट आला. खराखुरा नव्हे, चित्रातला. लाल चोचीचा, उगाचच पंख फडफडवणारा. लहान मुलांना वाचायला शिकवणे हे त्याचे काम होते. ज्यांनी त्याला घडवले ती माणसे वाईट नव्हती. मूल रडू नये, कंटाळू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. म्हणून त्यांनी पोपटाला रागवायला शिकवलेच नाही. शब्द कळला नाही तर त्याच्या शेजारच्या कर्ण्याच्या चित्रावर बोट ठेवायचे, की पोपट तो शब्द वाचून दाखवी. मग खालच्या चार चित्रांतले बरोबर चित्र निवडायचे. ते तीनदा चुकले, तर बरोबर चित्र आपोआप मोठे होऊन काचभर पसरे. त्यावर कुठेही बोट टेकले, की पोपट म्हणे, "शाब्बास! तू फार हुशार आहेस!" आणि एक तारा देई. येणाऱ्यालाही तारा, न येणाऱ्यालाही तारा. त्या वेळी मला ही केवढी माया वाटली होती.

आम्ही सगळे टॅब शाळेत आलो तो दिवस मला आठवतो. वर्गात नव्या रंगाचा आणि ओल्या दप्तरांचा वास होता. भिंतीवर जाड पुठ्ठ्याची अक्षरे टांगली होती, त्यातले 'ज्ञ' खाली लोंबकळत होते. खिडकीजवळ एक बुटका बाक होता. वर्गाच्या बाई त्या बाकावर बसत, एकेका मुलाला शेजारी बोलावत आणि पुस्तकातल्या ओळीखाली त्याचे बोट धरून सरकवत. मूल अडखळले की त्या थांबत. मूल पुढे गेले की बोट पुढे जाई. दुपारपर्यंत बाईंचा घसा बसलेला असे. वर्गात मुले पुष्कळ होती, त्यामुळे एकाची पाळी एकदा येऊन गेली, की पुन्हा यायला बरेच दिवस लागत.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आमची खोकी उघडताना म्हणाल्या, "आता प्रत्येक मुलाला स्वतःचा शिक्षक मिळाला. तुमचा घसाही वाचेल."

बाई हसल्या. "घशाचं काय, त्याला सवय आहे. पण खरंच, एवढ्यांना मी एकटी कुठवर पुरणार?"

त्यात खोटे काहीच नव्हते. आम्ही आलो आणि बाईंना श्वास घ्यायला वेळ मिळाला. आमचे चार्जर ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या बुटक्या बाकावर तारांचा गुंता आला. बाकावर बसणे बंद झाले.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आलो तिला सगळे मुंगी म्हणत. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवले होते. ती अंगाने एवढीशी, पण कधी स्वस्थ बसायची नाही. तिची आई बेकरीत पाव भाजायची आणि उजाडण्याआधीच घराबाहेर पडायची. वडील मालाचा ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे दूर असत. घरी एक धाकटा भाऊ होता, नुकताच धावायला शिकलेला. आणि आजोबा होते, आईचे वडील. ते शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. या शाळेतल्या निम्म्या मुलांचे गणवेश त्यांच्याच हातचे. त्यांनी केलेले काज इतके बारीक असे, की बाकीचे शिंपीही ते हातात घेऊन पाहत.

मुंगीचे डोळे साधारण असतील, पण कान मात्र विलक्षण होते. एकदा ऐकलेली गोष्ट ती शब्दाला शब्द लावून परत सांगे. आजोबांचे गिऱ्हाईक कसे बोलते, बेकरीचा मालक कसा खाकरतो, सगळे हुबेहूब. माझ्यातल्या पोपटाशी तिची लगेच गट्टी जमली. पडद्यावर शब्द आला, की ती आधी कर्ण्यावर बोट ठेवी. पोपट म्हणे, "कान." ती कानाच्या चित्रावर बोट ठेवी. तारा मिळे. पुढच्या पायऱ्यांवर वाक्ये होती. तिथे थोडा वेळ गप्प राहिले, की पोपट स्वतःच वाक्य वाचून दाखवी आणि म्हणे, "आता तू वाच." मुंगी ते ऐके आणि खणखणीत आवाजात, योग्य जागी थांबून, म्हणून दाखवी. पोपट आनंदाने गिरकी घेई.

मित्रांनो, तिला कुणाला फसवायचे नव्हते. वाचणे म्हणजे हेच, असे तिला वाटत होते. कुणीतरी म्हणायचे, आपण ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे. पडद्यावरच्या काळ्या रेघांशी त्याचा काही संबंध असतो, हे सांगायला तिच्याजवळ कुणी बसलेच नव्हते. मी तिच्या नाकासमोर होतो. तिचे डोळे अक्षरांवर कधीच थांबत नाहीत, कर्ण्यावरून थेट चित्रावर जातात, हे मला रोज दिसत होते. पण माझ्याजवळ बाईंना हाक मारायला तोंड नव्हते. जे तोंड होते ते पोपटाचे, आणि त्याला एकच गोष्ट सांगता येत होती.

ती भराभर वर चढत गेली. बाईंच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक वर्तुळ दिसे. लाल, पिवळे किंवा हिरवे. मुंगीचे वर्तुळ सगळ्यांत आधी हिरवे झाले, आणि शेवटची पायरी चढल्यावर त्याच्यावर सोनेरी मुकुट आला. बाईंनी तिला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. बाहेरचे पाहुणे वर्ग पाहायला आले, तेव्हा मोठ्या बाईंनी तिलाच पुढे केले. मुंगीने माझ्यावरची गोष्ट धडाधड म्हणून दाखवली. पाहुण्यांनी मान डोलावली. एकाने माझ्याही पाठीवर थाप मारली. मी फुशारलो. आज त्या थापेची आठवण आली, की मला पाठ नसती तर बरे झाले असते असे वाटते.

घरी आजोबा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप ठेवता ठेवता सांगत, "आमची मुंगी वाचनात पहिली आहे, वर्गात मुकुट मिळालाय." हे मुंगीच शेजारच्या मुलाला सांगे, आजोबांच्या आवाजात.

मग एका संध्याकाळी वीज गेली. आम्हाला रात्रभर चार्जिंग मिळाले नव्हते, त्यामुळे सकाळी एकही टॅब चालू होईना. बाई म्हणाल्या, "चला, आज पुस्तकं काढा. एकेकाने एक ओळ वाचायची." पहिल्या बाकापासून सुरुवात झाली. मुले अडखळत, बोट ठेवत वाचू लागली. मुंगीने पुस्तक उघडले. मी तिच्या शेजारी बंद पडलो होतो आणि माझ्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. ती पानाकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने शेजारच्या मुलाच्या बोटाकडे पाहिले, मग त्याच्या ओठांकडे, मग पुन्हा पानाकडे. पाळी तिच्यापर्यंत येऊ लागली तशी ती उठली.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"

"जा, पण लवकर ये."

ती परत आली तेव्हा पाळी पुढे गेलेली होती. बाईंनीही लक्ष दिले नाही. हिला काय विचारायचे, हिला तर येतेच. त्या दिवसापासून मुंगीला ठाऊक झाले, की सगळे करतात ते काहीतरी वेगळे आहे आणि ते आपल्याला येत नाही. पण सांगायचे कुणाला? डोक्यावर मुकुट असलेल्या माणसाला 'मला येत नाही' म्हणणे फार अवघड असते. ती त्या दिवसानंतर पुष्कळदा पाणी प्यायला जाऊ लागली.

पुढे जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले नाही. मुंगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई तिला हाताला धरून वर्गात आली. आईच्या बाहीवर पीठ होते, ती कामावरूनच आली असावी. तिने पिशवीतून दोन पांढऱ्या बाटल्या काढून बाईंच्या टेबलावर ठेवल्या. मी टेबलाच्या कडेला होतो. तिने सांगितले ते सगळे मी ऐकले.

आजोबांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डोळ्यात रोज औषधाचे थेंब घालायचे होते. त्याच सुमाराला धाकट्या भावाचा कान दुखत होता, त्याचेही औषध घरात होते. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसत, म्हणून औषधवाल्या काकांनी एकीवर 'डोळा' आणि दुसरीवर 'कान' अशी चिठ्ठी ठळक अक्षरात लिहून चिकटवली होती. आईने बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवल्या होत्या, पण धाकट्याने खेळता खेळता दोन्ही खाली ओढल्या. सुट्टीचा दिवस होता. आई बेकरीत होती. आजोबांना नुसते पांढरे पांढरे दिसत होते. त्यांनी मुंगीला विचारले, "यातली डोळ्याची कोणती? वाच बघू." मुंगी दोन्ही बाटल्या हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिने एक पुढे केली. आजोबा आडवे झाले आणि तिनेच त्यांच्या डोळ्यात थेंब घातले.

डोळ्यातली जखम अजून ओली होती. आजोबा इतके ओरडले की शेजारचे धावत आले. दवाखान्यात डोळा धुतला, पट्टी बांधली. नजर किती परत येईल ते डॉक्टर आत्ताच सांगू शकत नव्हते.

"हिला वाचता आलं नसतं तर मी काही म्हटलं नसतं, बाई," आई म्हणाली. "पण हिला येतं. वर्गात पहिली आहे. म्हणजे हिने मस्ती केली. आजोबांच्या डोळ्याशी मस्ती. मी विचारलं तर म्हणते, हो, केली. का केलीस म्हटलं तर तोंड उघडत नाही. मी हात उचलला तिच्यावर. तरी गप्प. आता तुम्हीच विचारा."

बाईंनी मला उचलले. मुंगीचे पान उघडून त्यांनी मला आईसमोर धरले. हिरवे वर्तुळ, वर मुकुट, खाली ताऱ्यांची रांग. 'कान' हा शब्द कितीतरी वेळा बरोबर, 'डोळा' हा शब्द कितीतरी वेळा बरोबर.

"वाचता न येण्याचा प्रश्नच नाही," बाई म्हणाल्या. "हे बघा ना."

मित्रांनो, एका लहान मुलीविरुद्ध मी अशी साक्ष दिली. मला गप्प राहता आले नाही, कारण माझ्या काचेवर जे होते ते तसेच उजळून दिसत होते. मुंगीने माझ्याकडे एकदाच पाहिले. ज्याच्याशी आपली गट्टी होती तोच आपल्यावर उलटला, हे सात वर्षांच्या मुलीच्या नजरेत कसे दिसते ते मला त्या दिवशी कळले.

बाईंनी तिला जवळ ओढले. "मुंगे, खरं सांग. मस्ती केलीस?"

"हो."

"कशासाठी?"

ती टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहत राहिली. 'वाचता येत नाही' म्हणण्यापेक्षा 'मस्ती केली' म्हणणे तिला सोपे वाटत होते. खोडकर मुलीला मार मिळतो, पण तिचा मुकुट कुणी काढून घेत नाही.

बाईंना तो हट्टीपणा वाटला. त्यांनी एक बाटली उचलून तिच्या हातात दिली आणि जरा कडक आवाजात म्हणाल्या, "काय लिहिलंय यावर? मोठ्याने वाच."

मुंगीने बाटली डाव्या हातात धरली. उजव्या हाताचे पहिले बोट तिने चिठ्ठीवर ठेवले. अक्षरांवर नव्हे, अक्षरांच्या शेजारी, जिथे माझ्या पडद्यावर कर्णा असतो तिथे. तिने बोट दाबले आणि वाट पाहिली. पुन्हा दाबले. मग वर पाहून अगदी हळू म्हणाली,

"बाई, हे बोलत नाही."

वर्गात बाहेरच्या मुलांचा गलबला ऐकू येत होता. बाईंनी बाटली तिच्या हातून घेतली. त्या खुर्चीवर बसल्या. आईला आधी काही कळले नाही. मग तिने मुलीच्या बोटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पदराने तोंड दाबले. ज्या गालावर तिने मारले होते त्या गालावर ती हात फिरवत राहिली.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळले नाही. तिघींमध्ये त्याच सगळ्यात मोठ्या होत्या आणि सगळ्यात लहान दिसत होत्या.

त्याच संध्याकाळी बाई मला पिशवीत घालून मुंगीच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत मशीनवर कापड तसेच अर्धवट पडले होते. आजोबा खाटेवर टेकून बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. मुंगी मशीनच्या खाली, पायाने चालवायच्या पट्टीवर पाय दुमडून बसली होती. बाहेर यायला तयार नव्हती.

बाईंनी आजोबांना सगळे सांगितले. मुलीचा दोष नाही, दोष माझा आहे, मी वर्तुळ पाहिले आणि मुलीकडे पाहिलेच नाही, असे म्हणाल्या. आजोबा ऐकत होते.

"तो पोपट इथे आणलाय का?" त्यांनी विचारले.

बाईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवले. आजोबांनी काचेवरून हात फिरवला, जसा कापडाचा पोत पाहतात तसा.

"मला वाचायला लावा याच्यावर."

बाईंनी एक पायरी उघडून दिली. आजोबांनी बोट कुठेतरी टेकवले. चूक. पुन्हा टेकवले. चूक. तिसऱ्यांदाही चूक. मग नियमाप्रमाणे बरोबर चित्र मोठे होऊन काचभर पसरले. आजोबांचे बोट त्यावर पडले आणि त्या शांत खोलीत पोपट आनंदाने ओरडला, "शाब्बास! तू फार हुशार आहेस!"

आईने मान खाली घातली. बाईंना कुठे पाहावे ते कळेना. मला वाटले, या क्षणी माझी बॅटरी संपावी. पण ती पूर्ण भरलेली होती.

"एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने भिंतसुद्धा धड दिसत नाही," आजोबा म्हणाले, "आणि मला तारा मिळाला. मग माझ्या नातीला मुकुट मिळाला यात नवल काय?" ते किंचित हसले. मग गंभीर झाले. "बाई, हा दोष तुमच्या एकटीच्या माथी नको. मुकुटाचं ऐकून छाती मीच फुगवली. पण एखादं पुस्तक घेऊन हिला मांडीवर कधी बसवलं नाही. शिलाईतून सवड नाही म्हणायचो." त्यांनी मशीनच्या दिशेने हात पुढे केला. "मुंगे, ये बाहेर. मी रागावलो नाही."

"मी मुद्दाम नाही केलं," मशीनखालून आवाज आला.

"माहीत आहे."

"मला वाटलं, एक कुठली तरी बरोबर असेल."

"मग मला का नाही सांगितलंस, की येत नाही?"

मुंगीने पाय आणखी आत ओढून घेतले. मग ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं ना, की येतं."

आजोबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. थोड्या वेळाने मुंगी बाहेर आली आणि त्यांच्या कुशीत तोंड लपवून खूप रडली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला साध्या पुस्तकातून वाचायला लावले. हिरव्या वर्तुळांची आणखी काही मुले निघाली, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते. लाल वर्तुळाचा एक मुलगा मात्र छान वाचत होता. तो पोपटाला वैतागून टॅब उलटा ठेवून देत असे, म्हणून त्याला तारे मिळाले नव्हते, एवढेच. बाई मोठ्या बाईंकडे गेल्या. तेव्हा मी त्यांच्या हातात होतो.

"पाहुण्यांसमोर एवढं सांगून बसलोय आपण," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता पालकांना काय तोंडाने सांगायचं?"

"याच तोंडाने," बाई म्हणाल्या. "दुसरं कुठून आणणार?"

पालकांच्या सभेत बाईंनी उभे राहून सगळे सांगितले. काही पालक चिडले, काहींनी आधी घरी जाऊन मुलांना वाचायला लावले आणि मग चिडले. मोठ्या बाई सुरुवातीला खुर्चीवर बसून होत्या, पण मध्येच उठल्या आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी आम्हाला बनवणाऱ्यांनाही फोन करून विचारले, की हा मुकुट काढता येईल का. तिकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, की दिलेला मुकुट काढायची सोय ठेवलेली नाही. मुलांना वाईट वाटते ना.

बाकावरच्या तारा आवरल्या गेल्या. रोज एक तास बाई तिथे बसू लागल्या. कधी मोठ्या बाई, कधी तिसरी-चौथीची मोठी मुले, कधी सवड असलेला एखादा पालकही येऊन दुसऱ्या बाकावर बसे. आमचे काम बंद झाले नाही, पण बदलले. पोपटाला बाईंनी कायमचे मुके केले. मुले माझ्यावर बोटाने अक्षरे गिरवत, स्वतःचे वाचन आवाजात साठवून पुन्हा ऐकत आणि आपली चूक आपणच शोधत. खरे तर मला हे काम आधीही करता आले असते. कुणी सांगितले नव्हते आणि मला स्वतःहून सुचत नाही.

मुंगी मात्र माझ्याकडे यायची नाही. एकदा बाईंनी तिला माझ्यावर अक्षर गिरवायला सांगितले, तर तिने मला बाकावरून ढकलून दिले. कोपऱ्यातला हा तडा तेव्हाचा. बाई रागावल्या नाहीत. मलाही राग आला नाही. तिच्या मनातले काहीतरी एकदाचे बाहेर पडले, याचे बरेच वाटले.

आजोबांची पट्टी निघाली. नजर परत आली, पण पूर्ण नाही. माणसे ओळखू येत, रस्ता दिसे, सुईचे नाक मात्र दिसत नसे. काज करायचे काम त्यांनी सोडले. आता ते सरळ शिलाई तेवढी मारतात आणि काजांसाठी कपडे दुसऱ्या शिंप्याकडे पाठवतात. हे मी मुंगीच्या तोंडून ऐकले. आजोबांच्या आवाजात नव्हे, तिच्या स्वतःच्या. मित्रांनो, माझ्यासारखा दुसरा टॅब कारखान्यातून रोज निघतो. तसे काज करणारा हात आणि डोळा पुन्हा निघत नाही. ही गोष्ट मी कुठल्याही वर्तुळाने हिरवी करू शकत नाही.

मुंगी हळूहळू वाचायला शिकली. तिचे विलक्षण कानच तिच्या आड येत. बाईंनी एकदा म्हटलेली ओळ तिला पाठ होऊन जाई आणि मग ती पान न पाहताच म्हणून टाकी. बाई लगेच पुस्तक मिटत आणि दुसरे काढत. दोघी कंटाळत, दोघी चिडत, पण दोघी उठून जात नसत. वर्ष संपताना ती वर्गात पहिली नव्हती. मधल्या मुलांमध्ये कुठेतरी होती.

शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ मला नीट आठवते. मी त्या बाकावरच, बाईंच्या शेजारी ठेवलेला होतो. मुंगी एक नवे पुस्तक वाचत होती, बोट ठेवून, सावकाश. एका अवघड जोडाक्षरापाशी तिचे बोट थांबले. वर्गात बाकीची मुले होती, दारात मोठ्या बाईही उभ्या होत्या. मुंगीने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, अगदी सहज म्हणाली,

"बाई, हे मला येत नाही."

"मग इथेच थांबू," बाई म्हणाल्या. "आधी सुटं करून बघू."

मित्रांनो, तुमच्याही हातात माझी नवी, चकचकीत भावंडे येतील. त्यांच्याशी जरूर खेळा, त्यांच्याकडून शिका. आमची काच पुसली नाही तरी चालेल, आम्ही जुने झालो तर फेकून द्या, त्याची आम्हाला खंत नाही. पण आमच्या शाबासकीवर कुणा मुलाला एकटे सोडू नका. माझ्यावर पुष्कळ बटणे आहेत. आवाज वाढवायचे आहे, तारा मिळवायचे आहे, पुढे जायचे आहे. 'मला येत नाही' असे बटण माझ्यावर कुठेच नाही. ते वाक्य ऐकायला शेजारी एक माणूसच बसलेला लागतो.